बाबांच्या १९७९ च्या स्पीकर पेट्या: आतून काय भरू, किती भरू?

नौपाडा_७९

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय कारण आता खरंच अडलोय.

बाबांचे स्पीकर आहेत. १९७९ साली त्यांनी ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्याच एका सुताराकडून पेट्या करून घेतल्या, १२ मिमी प्लाय, वरून सागाचं विनियर, आत फिलिप्सचा ८ इंची वूफर (खालच्या सुरांचा) आणि डोम ट्वीटर (वरच्या सुरांचा), दोघांना आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरची कॉइलसुद्धा बाबांनी घरी बसून गुंडाळलेली. पोर्ट म्हणजे हवेचं भोक वगैरे नाही, पेटी पूर्ण बंद, मागची फळी १० स्क्रूंवर. आतली मापं घेतली ती अशी, उंची ५८, रुंदी ३०, खोली २४ सेंटीमीटर. ट्वीटर वर, वूफर अगदी खाली.

बाबा गेल्यानंतर दोन वर्षं ते चादर घालून कपाटाशेजारी होते. ह्या पावसाळ्यानंतर आईच म्हणाली की अरे ते लाव, घर फार शांत झालंय. लावायच्या आधी मागची फळी उघडली तर आत कापसाची शिवलेली घडी होती, छोट्या गादीसारखी, मागच्या फळीला बारीक खिळ्यांनी ठोकलेली. ती पार काळी पडलेली, कुबट वास, वर कसर लागलेली. दोन्ही काढून टाकल्या, पेट्या आतून पुसल्या, गच्चीत चार दिवस उन्हं दाखवली. आणि जोडून लावले तर आवाज मला लहानपणापासून आठवतो तो नाहीच. सतार, तबला बरा आहे पण पुरुषाचा आवाज आला की पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. भीमसेनजी लावले तर खर्जातून वर येताना मधले दोन-तीन सूर एकदम फुगतात आणि मग पुन्हा ठीक. सकाळच्या बातम्यांचं पण तेच, निवेदिका असली तर कमी जाणवतं.

एका रिपेअरवाल्याने अंड्याच्या ट्रेसारखा खड्ड्याखड्ड्यांचा फोम लावायला सांगितला. एका पेटीत एक इंची फोम चारी बाजूंनी लावून बघितला, शेजारी दुसरी पेटी तशीच ठेवली, मला काही फरक कळला नाही, आईलाही नाही. आता कोणी म्हणतं गाडीच्या दारात लावतात ती काळी शीट लाव, कोणी म्हणतं ग्लासवूल, कोणी म्हणतं उशी फाडून कोंब. नक्की काय करू? अट एकच, पेटीला बाहेरून ओरखडाही नको आणि जे करीन ते उद्या काढता आलं पाहिजे. बाबांच्या हातचं काम आहे ते.

ऐरोली_रेझोनन्स

दादा, आधी एक सांगतो, फोमने फरक पडला नाही हे तुमच्या कानांनी बरोबर पकडलंय, तो पडणारच नव्हता. का ते नीट लिहितो, थोडं लांबेल.

बंद पेटीत दोन वेगळे आजार असतात, एक हवेचा आणि एक लाकडाचा, आणि लोक दोन्हीवर एकच गोळी देतात. लाकडाचं नंतर बोलू, तुमचं लक्षण मला हवेचं वाटतंय.

बाथरूममध्ये गुणगुणताना एखादाच सूर अचानक मोठा होतो ना, तसंच पेटीत. वूफर जेवढा आवाज बाहेर फेकतो तेवढाच आत पण फेकतो. आतला आवाज समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये मागेपुढे आपटत राहतो आणि ज्या कंप्रतेची अर्धी लहर त्या अंतरात बरोबर बसते ती साठत जाते. हिशोब सोपा आहे, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा आणि अंतराच्या दुपटीने भागा. तुमची उंची ५८ सेमी म्हणजे ३४५ भागिले १.१६, आलं जवळजवळ ३०० हर्ट्झ. रुंदीचं ५७५ येतं, खोलीचं ७२० च्या आसपास. पुरुषाच्या बोलण्याची मूळ कंप्रता १००-१५० च्या घरात असते म्हणजे तिचा दुसरा नाहीतर तिसरा हार्मोनिक (दुप्पट-तिप्पट कंप्रता) थेट ३०० च्या गावात उतरतो. बायकांचा मूळ सूरच २०० च्या पुढे, त्याचा पुढचा ४०० च्या वर, ३०० मधल्या फटीत राहतो. म्हणून निवेदिका असली की तुम्हाला कमी जाणवतं. आणि वूफर अगदी खाली असल्यामुळे तो उंचीच्या ह्या लहरीला टोकाला धरून ढकलतोय, तिथे दाब सगळ्यात जास्त असतो. तो पेटीच्या मध्यावर असता तर ३०० इतकं उठलंच नसतं. हा साठलेला आवाज मग कुठून बाहेर येतो तर वूफरच्या कागदी कोनमधूनच, तो किती पातळ असतो तुम्ही हात लावून बघितलाच असेल.

आता फोम. फोम, कापूस, लोकर सगळ्यांचं काम हलणाऱ्या हवेला तंतूंमध्ये घासायला लावणं. पण फळीला चिकटून हवा हलतच नाही, तिथे नुसता दाब असतो. हवा सगळ्यात जास्त हलते फळीपासून पाव लहर अंतरावर. एक इंच जाडीचा फोम म्हणजे पाव लहर अडीच सेंटीमीटर, ती होते जवळपास ३४०० हर्ट्झची. तिथपर्यंत तुमचा वूफर केव्हाच ट्वीटरकडे काम सोपवून मोकळा झालेला असतो. ३०० हर्ट्झची पाव लहर किती? २९ सेंटीमीटर, म्हणजे बरोब्बर पेटीची मधली उंची. तर भरायचं असेल तर तिथे, पेटीच्या पोटात, भिंतींना नाही. बाबांची घडी जाड होती म्हणून थोडंफार काम करत होती, ती गेली आणि पेटी उघडी पडली.

काय भरायचं: पॉलिएस्टर फायबर, गादीवाले ज्याला रेक्रॉन म्हणतात तेच. आपल्याकडच्या हवेत कापूस नको, ओल धरतो, पुढचं तुम्ही बघितलंच आहे. ग्लासवूल आवाजाच्या दृष्टीने उत्तम असतं पण बारीक कुसळं उडतात, घरात आई आहेत, हातमोजे आणि मास्क लावूनच हाताळावं लागतं, मी टाळतो. पेटी धरा ४२ लिटर. बंद पेटीला लिटरमागे ८ ग्रॅमपासून सुरुवात करा म्हणजे ३५० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, हाताने पिंजून मोकळं करा, गोळे राहू देऊ नका. मग ५०-५० ग्रॅम वाढवत ऐका. लिटरमागे १६ म्हणजे साडेसहाशेच्या वर जायची वेळ येऊ नये.

बंद पेटीत ह्याचा आणखी एक फायदा, हवा दाबली की किंचित तापते, सैल झाली की गार होते, तंतू ती उष्णता घेतात-देतात आणि त्यामुळे वूफरला पेटी आहे त्यापेक्षा मोठी भासते. कागदावर ४० टक्क्यांपर्यंत येतं, प्रत्यक्षात १०-२० टक्के मिळाले तरी पुष्कळ. बास थोडा खाली जातो आणि आवरलेला येतो.

ज्यांच्याकडे कंपनीचे जुने बंद स्पीकर आहेत त्यांनी मात्र हे असं मनाने करू नका. एडगर व्हिलचर यांचा ए.आर.-१ १९५४ मध्ये आला तेव्हापासून त्या जातीच्या स्पीकरमध्ये आतलं भरण हा डिझाइनचाच भाग आहे, वूफर मुद्दाम ढिला ठेवलेला असतो आणि आतली हवाच त्याची स्प्रिंग असते. काढण्याआधी वजन करा, फोटो काढा, तेवढंच परत घाला.

भरण्याआधी तीन गोष्टी बघून इथे लिहा. १) वूफरचा कोन चारी बोटांनी हलकेच सरळ आत दाबून सोडा, सावकाश परत येतो की टपकन? २) फोनवर टोन जनरेटर घेऊन २५-३० हर्ट्झ अगदी हळू लावा आणि सांध्यांवरून उदबत्ती फिरवा, धूर कुठे थरथरतो बघा, जाळीच्या कपड्यापासून लांब धरा. ३) प्रत्येक फळीवर बोटाच्या पेराने टकटक करा आणि आवाज कसा येतो ते सांगा.

खारघर_लिंटन

वरचा प्रतिसाद उत्तम, मी फक्त पोर्टवाल्यांसाठी लिहितो कारण हा धागा वाचून कोणीतरी तेच करेल जे मी केलं. माझ्याकडे जुनी ब्रिटिश पोर्टवाली जोडी आहे, त्यात मी हौसेने पेटी भरून रेक्रॉन घातलं आणि तळाचा बासच गेला, पखवाजाची धुमच निघेना. पोर्टवाल्या पेटीत पोर्टची हवा मोकळी हलली पाहिजे. वूफरच्या मागून पोर्टच्या तोंडापर्यंतची वाट मोकळी ठेवायची आणि भिंतींना दीड-दोन इंच जाड अस्तर, बास. अर्धं काढल्यावर माझा बास परत आला.

आणि काळ्या शीटबद्दल. ती हवेच्या आजारावर नाही, लाकडाच्या आजारावर आहे. जुन्या लोकांनी ह्यावर किती विचार केलाय बघा. व्हार्फडेल ह्या ब्रिटिश स्पीकर कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज दोन प्लायच्या मध्ये वाळू भरून फळी करायचे, वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि फळीचा नाद मरतो. बीबीसीच्या हारवूड आणि मॅथ्यूज यांचा १९७७ चा रिपोर्ट तर बरोबर उलट्या वाटेने जातो, फळी पातळच ठेवा, तिला आतून बिटुमेनचे (डांबरी) थर द्या, म्हणजे तिचा नाद खालीही जातो आणि दबतोही, माणसाच्या बोलण्याला त्रास देत नाही. बीबीसीचा छोटा स्पीकर एल.एस. ३/५ए त्याच विचाराचं लेकरू, पातळ बर्च प्लाय आणि आत बिटुमेन. तुमची १२ मिमी प्लाय त्या जातीला जवळची आहे, त्यामुळे जाड लाकूड ठोकून पेटीचं तिजोरीत रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

नौपाडा_७९

मंडळी, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. काल रात्री सगळं करून बघितलं.

उजव्या पेटीचा कोन सावकाश, साधारण सेकंदभर लावून परत येतो. डावीचा टपकन येतो. उदबत्ती फिरवली तर डावीच्या मागे वायर जोडायची जी पट्टी आहे तिथे धूर स्पष्ट नाचतोय, आणि मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यातही थोडा. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती, तिला आधी दिसला.

टकटक: बाजूच्या फळ्या कोरड्या 'टक', वरची-खालची पण. मागची फळी मात्र 'ढब' करते आणि आवाज जरा रेंगाळतो. फोनवरच्या स्पेक्ट्रमच्या ॲपमध्ये तिचा उंचवटा १८० हर्ट्झच्या जवळ दिसतोय, दोन्ही पेट्यांत थोडाफार सारखाच.

म्हणजे मला दोन्ही आजार आहेत आणि वर गळती पण? आणि मागच्या फळीला आतून काय करू की जे काढता येईल?

नेरुळ_रंधा

मी फर्निचरचं काम करतो, स्पीकर हा छंद, त्यामुळे लाकडाचं मी सांगतो.

आधी गळती. बंद पेटीला भोक म्हणजे आधीचं सगळं गणित फुकट. वायरची पट्टी काढा, खाली दाट फोमची गॅस्केट टेप लावा, ती बंद पेशींची असते म्हणजे हवा आरपार जात नाही, दारं-खिडक्यांना लावतात ती पण चालेल पण दाबून बघून घ्या, स्पंजसारखी सैल नको. तीच टेप मागच्या फळीच्या चौकटीवर सलग फिरवा, कोपऱ्यात जोड सोडू नका. वूफरच्या कडेखाली पण बघा, जुनी कागदी गॅस्केट वाळून आक्रसलेली असते. स्क्रू एका बाजूने आवळत जाऊ नका, समोरासमोरचे घ्या. ४० वर्षांच्या प्लायमध्ये भोकं सैल झालेली असणार, आगपेटीची काडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, वाळू द्या, स्क्रू नव्यासारखा धरतो. ड्रिल आणि स्क्रूगन नको, हाताने.

मागची फळी. तिच्यावर विनियर आतून नाहीये ना, मग काळजी नाही. गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात बिटुमेनची नाहीतर ब्यूटाइल रबराची शीट मिळते, २ मिमीची घ्या. पूर्ण फळी मढवायची गरज नाही, फळी मध्यावर जास्त हलते, कडांना स्क्रूंनी धरलेली असते, तर मधला अर्धा-पाऊण भाग पुरे. बिटुमेन वापरलं तर नुसत्या चिकटीवर सोडू नका, ठाण्याच्या मे महिन्यात उभ्या फळीवरून ते हळूहळू घसरतं, मी बघितलंय. स्टेपलरने धरा, पिना ६ किंवा ८ मिमीच्या, १२ मिमी प्लायला १४ च्या पिना माराल तर बाहेर टोक येईल. शीटला वास असेल तर फळी दोन दिवस गॅलरीत उघडी ठेवा मगच बसवा.

आणि माझ्या मते ह्याहून मोठा गुण येईल तो एका टेकूने. सागाचा एक इंची चौरस तुकडा घ्या, दोन्ही टोकांना जाड नमद्याचे (फेल्टचे) तुकडे चिकटवा, नमद्यासकट लांबी पुढची फळी ते मागची फळी ह्या अंतरापेक्षा दीड-दोन मिलिमीटर जास्त ठेवा. तो पुढच्या-मागच्या फळीत आडवा धरून मागचे स्क्रू आवळले की आपोआप दाबात बसतो, ना खिळा ना फेविकॉल, फळी उघडली की हातात येतो. मधोमध लावू नका, मध्यापासून चार-पाच सेंटीमीटर बाजूला, म्हणजे फळीचे दोन भाग असमान होतात आणि दोन्ही एकाच सुरात बोलत नाहीत. वूफरच्या मॅग्नेटच्या वर येईल असा ठेवा, त्याला टेकू नका.

फोम काढताना जपून. एस.आर. सारखं रबरी सोल्यूशन लावलं असेल तर खरवडू नका, बोटाने चोळून गोळ्या निघतात. काढून टाकाच, तो फोम आपल्या दमट हवेत काही वर्षांत चिकट भुगा होतो आणि तो भुगा वूफरच्या कॉइलमध्ये गेला की घरघर सुरू.

हो आणि वायरी काढायच्या आधी फोटो काढा. शंका आली तर पेन्सिल सेलने बघा, अधिक टोक वूफरच्या लाल खुणेला लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. क्षणभरच लावा, आणि फक्त वूफरला, ट्वीटरला नाही.

ऐरोली_रेझोनन्स

टेकूची कल्पना फार आवडली, माझ्या पेट्यांत करतो. नौपाडा दादा, रेक्रॉन भरताना दोन पथ्यं: वूफरच्या पाठीवर मलमलचा एक तुकडा सैल बांधा म्हणजे तंतू आत जाणार नाहीत, आणि क्रॉसओव्हरवर रेझिस्टर असेल तर त्याला झाकू नका, तो तापतो. आणि नुसतं मोकळं भराल तर वर्षा-दोन वर्षांत खाली बसतं, नेमकी मधली जागा रिकामी होते. जाळीच्या पिशवीत भरून टांगा.

नौपाडा_७९

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला पण सगळं एकेक करत गेलो आणि प्रत्येक पायरीला ऐकत गेलो.

पहिली गळती. डावी पेटी टेप लावून बंद केली आणि कोन आता उजवीसारखाच सावकाश येतो. एवढ्यानेच दोन्ही पेट्यांचा बास सारखा झाला, गाणारा माणूस मधोमध आला, आधी तो उजवीकडे सरकलेला असायचा आणि मी खोलीला दोष देत होतो.

मग शीट आणि टेकू. नमदा मिळायला वेळ लागला, शेवटी हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडून तुकडे मिळाले. मागच्या फळीचं 'ढब' गेलं, आता 'टक' येतं, ॲपमध्ये १८० चा उंचवटा खाली बसलाय, त्या जागी दोन बारीक आहेत. पण खरं सांगायचं तर कानाला ह्या पायरीचा फरक थोडाच कळला, पिंप होतंच.

मग रेक्रॉन. इथे आईने मला थांबवलं. आतली ती कापसाची घडी कोणी शिवली होती असं मी कधी विचारलंच नव्हतं, ती तिने शिवली होती. बाबांनी माप दिलेलं आणि तिने जुन्या लुगड्याचं कापड घेऊन गोधडीसारखे धावदोरे घातलेले. तर आता जाळीच्या पिशव्या विकत आणायच्या नाहीत असं ठरलं. तिने एक जुनी विरलेली वायलची साडी काढली, कापडातून फुंकर आरपार जाते का हे मी बघून घेतलं, आणि तिने दोन पिशव्या शिवल्या, मध्ये चार-चार टाके घातले म्हणजे आतलं भरण एका जागी राहील. वर लूप ठेवला, तो आतल्या चौकटीच्या एका जुन्याच स्क्रूला अडकतो. पिशवी नेमकी मधल्या उंचीवर येते, टेकू तिच्या बाजूने जातो.

३५० ग्रॅमला पिंप अर्धं गेलं. ४५० ला बातम्या वाचणारा माणूस नीट माणसासारखा बोलायला लागला, भीमसेनजींचे ते दोन-तीन सूर आता बाकीच्यांच्या ओळीत आहेत. मोह झाला म्हणून ६०० करून बघितलं तर तानपुऱ्याची जवारी मलूल वाटायला लागली, सगळं नीटनेटकं पण जीव कमी. आईने दोनदा काढायला-घालायला लावलं आणि दोन्ही वेळा ४५० वरच बोट ठेवलं, तिला मी आकडा सांगितला नव्हता. तिथेच थांबलोय.

एक राहिलंय. वरचा आवाज अजून जरासा झाकलेला वाटतो, दोन्हीकडे. क्रॉसओव्हरवर दोन नॉनपोलर कपॅसिटर आहेत, बाबांनीच लावलेले. ते बदलावे का?

नेरुळ_रंधा

साडीच्या पिशवीपुढे आमची जाळी काय टिकणार. आईंना नमस्कार सांगा. पिशवीत कडुनिंबाची वाळलेली पानं किंवा डांबरगोळी वगैरे घालू नका, पॉलिएस्टरला कसर लागत नाही, कापडासाठी वर्षातून एकदा उघडून ऊन दाखवा, पुरे.

ऐरोली_रेझोनन्स

४५० म्हणजे लिटरमागे ११ ग्रॅमच्या आत, अगदी मधोमध आलात.

कपॅसिटर इलेक्ट्रोलायटिक असतील तर ४० वर्षांत वाळलेले असण्याचीच शक्यता जास्त, झाकलेला वरचा आवाज त्याचं नेहमीचं लक्षण. पण मोजल्याशिवाय सोल्डरिंग गन हातात घेऊ नका. एक पाय सोडवून मीटरवर मायक्रोफॅरडचा आकडा बघा, वर छापलेल्यापेक्षा बराच वेगळा आला तर बदला, छापलेल्याच आकड्याचा घ्या. आणि फिल्म कपॅसिटर घातलात तर त्याचा अंगचा रोध जुन्यापेक्षा कमी असतो, ट्वीटर एकदम चढा वाटू शकतो, मग छोटा रेझिस्टर जोडीला लागतो. जुने काढलेत तरी टाकू नका.

माझ्याकडे मोजायचा माइक आहे आणि लॅपटॉपवर आर.ई.डब्ल्यू. हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर आहे. रविवारी सकाळी घेऊन येऊ का? ऐरोलीहून ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे वीस मिनिटंसुद्धा नाही. ३०० चा उंचवटा खरंच किती बसलाय ते बघायचंय मला, आणि कपॅसिटर तिथेच मोजू.

नौपाडा_७९

या ना, नक्की या. रविवारी दहा वाजता मी स्टेशनला पूर्वेला नाही, पश्चिमेला सॅटिसच्या (स्टेशनबाहेरच्या उंच बस डेकच्या) जिन्याखाली थांबतो, तिथून आमचं घर चालत जवळ आहे. आई विचारतेय की साबुदाण्याची खिचडी चालेल का.